५८ वह्या, ३५ मिनिटं: हायस्कूलच्या इंग्रजी तासाचं रोजचं काम कसं आखावं

आठवीच्या एका वर्गात ५८ पैकी ४१ वह्यांमध्ये मला एकच वाक्य सापडलं होतं: 'द फॉरेस्ट वॉज क्वाइट.' जंगल शांत होतं असं म्हणायचं होतं, म्हणजे 'क्वाएट' हवं होतं. अक्षरं तीच, फक्त शेवटची दोन मागेपुढे. एखाद्याची अशी चूक होऊ शकते. ४१ जणांची एकच चूक म्हणजे ती कुठेतरी छापलेली असणार, आणि तशी ती एका गाईडात निघालीच. तोवर मी त्या सगळ्या वह्यांवर लाल गोल काढून, सही आणि तारीख घालून दोन रात्री घालवल्या होत्या. मुलांच्या वह्या तपासतोय असं मला वाटत होतं, आणि मी गाईडाची मुद्रणदोष-तपासणी करत होतो. तीही फुकट.

त्यानंतर मी रोजच्या कामाची पद्धत बदलली. ती इथे क्रमाने मांडतो. मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी ती आहे. नव्याने नोकरीला लागलेले शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, पण घरी बसून मुलांच्या वह्या चाळणाऱ्या पालकांनाही काही गोष्टी उपयोगी पडतील.

आधी गणित

एका शिक्षकाकडे चार वर्ग आणि प्रत्येक वर्गात ५८ मुलं धरली, तर २३२ वह्या होतात. एका वहीला फक्त दोन मिनिटं दिली तरी ४६४ मिनिटं लागतात, म्हणजे पावणेआठ तास. हे रोज कुणालाच शक्य नाही. मग आपण काय करतो? पान उलटतो, सही मारतो, पुढची वही घेतो. मुलांना हे पहिल्या पंधरवड्यातच कळतं. एकदा एका मुलाने 'माय फेव्हरिट फेस्टिव्हल'च्या निबंधात मधेच क्रिकेटचा स्कोअर लिहिला होता, सर वाचतात का ते बघायला. मी सही केली होती.

म्हणून माझा नियम असा: जे वाचलं जाणार नाही, ते लिहायला द्यायचं नाही. काम कमी द्या, पण दिलेल्यातलं काही ना काही त्याच आठवड्यात तुमच्या नजरेखालून गेलंच पाहिजे. 'दहा प्रश्नोत्तरं लिहून आणा' म्हणण्यापेक्षा चार वाक्यं मागा. पुढचं सगळं या एका नियमातून निघतं.

जूनमध्येच वही लावून घ्या

इंग्रजीसाठी तीन-तीन वह्या मागू नका. वर्गपाठाची वेगळी, गृहपाठाची वेगळी, व्याकरणाची वेगळी असं केलं की रोज एक घरी राहते, आणि 'सर, ती दुसऱ्या वहीत आहे' हे वर्षभर ऐकावं लागतं. एकच २०० पानी वही पुरे. उजव्या पानावर काम, डावं पान कोरं. हे कोरं पान दुरुस्तीसाठी असतं. पालकांना ते कागद वाया घालवणं वाटतं, त्यामुळे पहिल्या पालकसभेत समजावून सांगा. वहीची शेवटची २० पानं उलट्या बाजूने वापरायची. तिथे शब्द जमा होतात. हस्ताक्षर फारच वाकडं असेल तर आठवीच्या पहिल्या महिन्यात चौरेघी वहीत रोज पाच ओळी, त्यापुढे नको. वर्षभर चौरेघीत ठेवलेलं मूल अक्षर काढत बसतं आणि वाक्य विसरतं.

मुलांना इंग्रजी अजिबात येत नाही, असं गृहीत धरून सुरुवात करू नका. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आठवीत आलेल्या मुलाने ती सात वर्षं ऐकलेली असते. त्याच्या आईवडिलांपैकी अनेकांची एबीसीडी मात्र पाचवीत सुरू झाली होती, हे गृहपाठ देताना लक्षात ठेवा. शिवाय एसटी स्टँडवर उभं राहून मोजलं तर डेपो, कंडक्टर, तिकीट, रिझर्व्हेशन, लेट, पार्सल असे शंभरेक शब्द मूल रोज वापरतं. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ हाच ठेवा: घरापासून शाळेपर्यंतच्या पाट्यांवरचे वीस इंग्रजी शब्द, दिसतील त्या स्पेलिंगसकट. निम्म्या पाट्यांवरची स्पेलिंगं चुकीची निघतात, आणि त्या सापडल्यावर वर्गाला जो आनंद होतो त्यावर दोन तास मजेत जातात.

३५ मिनिटांचा तास

पहिली पाच मिनिटं फळ्यावरचं छोटं काम, पुढची बारा वाचन, दहा लेखन, पाच एकमेकांच्या वह्या वाचणं, शेवटची तीन गृहपाठ सांगणं. घड्याळ काटेकोर पाळलं जात नाही. परिपाठ लांबतो, मधेच सूचनावही फिरते. पण लेखनाची दहा मिनिटं कशालाही द्यायची नाहीत. वाचन उरलं तर उद्या होईल. लिहिणं घरावर ढकललं की गाईड उघडतं.

फळ्यावरचं काम तुम्ही वर्गात शिरताच सुरू व्हायला हवं. मागच्या तासाचं पुसा, लिहा, हजेरी घ्या, तोवर मुलं वहीत उतरवत असतात. रोज काय द्यायचं हे सकाळी शोधत बसू नका, वार ठरवून टाका. सोमवारी एक चुकीचं वाक्य दुरुस्तीला. मंगळवारी एक लांबलचक शब्द आणि त्यातून छोटे शब्द: 'इंडिपेंडन्स'मधून पेन, डेन, एंड, डीप, नीड, नाइस, पीस निघतात, आणि मागच्या बाकावरचा एखादा असा शब्द काढतो की आपल्यालाही सुचलेला नसतो. बुधवारी शब्दसाखळी, म्हणजे टेबलच्या शेवटच्या अक्षरावरून एलिफंट, त्यावरून ट्री. गुरुवारी विरामचिन्हं नसलेलं एक वाक्य. शुक्रवारी उच्चार आणि स्पेलिंग. शनिवारी सकाळची शाळा, तेव्हा एक इंग्रजी म्हण आणि तिच्या जोडीची मराठी म्हण. यातलं बहुतेक काही दहावीच्या कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेच्या जागी आलेल्या पेपरात) भाषाभ्यासाच्या पहिल्या प्रश्नात येतंच, त्यामुळे पर्यवेक्षक दारात आले तरी उत्तर तयार असतं.

शुक्रवारच्या कामासाठी एक युक्ती. इंग्रजीतल्या व्ही आणि डब्ल्यूमध्ये मुलं फार गोंधळतात. पण मराठी लेखनात हा फरक आपण आधीच करतो: व्हॅन, व्हिलेज, व्होट; आणि वॉच, वॉटर, विंडो. मराठीत 'व्ह' लिहिता तिथे व्ही, 'व' लिहिता तिथे बहुधा डब्ल्यू. 'वन'सारखे अपवाद आहेत, ते मुलंच शोधून आणतात.

पाठ वाचायचा कसा

आपल्याकडची रूढ पद्धत सगळ्यांना माहीत आहे. सर एक ओळ वाचतात, तिचा मराठी अर्थ सांगतात, मुलं पुस्तकातल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने मराठी लिहितात. पाठ संपतो तेव्हा मुलाकडे मराठी गोष्ट असते आणि इंग्रजी ओळी फक्त तिच्या खाली उरलेल्या असतात.

मराठी वापरू नका, असं मी म्हणत नाही. मराठी बंदी असलेल्या इंग्रजीच्या तासाला वर्ग गप्प होतो, आणि त्या शांततेला काही वेळा शिस्त समजलं जातं. मराठी कधी वापरायची, प्रश्न तेवढाच आहे. माझा क्रम असा. पाठ उघडण्याआधी फळ्यावर तीन सोपे प्रश्न इंग्रजीत: कोण, कुठे, काय. मग मी परिच्छेद मोठ्याने वाचतो, मुलं पुस्तकात बोट ठेवून ऐकतात. मग मुलं मनात वाचतात, दोन मिनिटं, आणि तीन उत्तरांखाली रेघ मारतात. इथपर्यंत मराठी नाही. त्यानंतर विचारतो, काय झालं सांगा, आणि तेव्हा मराठीत सांगितलं तरी चालतं. अर्थ सांगायचे ते फक्त पाच शब्दांचे, ज्यांच्यावाचून परिच्छेद अडतो. उरलेले शब्द अंदाजाने लावायला शिकणं हाच तर अभ्यास. न पाहिलेल्या उताऱ्याला आणि त्याच्या सारांशाला मिळून दहावीच्या परीक्षेत १५ गुण असतात आणि तिथे शब्दांच्या डोक्यावर मराठी लिहून द्यायला कुणी नसतं.

पाठ्यपुस्तकात समासातले प्रश्न आणि पाठाखालचं 'इंग्लिश वर्कशॉप' असतं. सगळं करायला जाऊ नका. त्यातले दोन उपक्रम निवडून नीट करा. उरलेले ज्यांना हवे त्यांनी सुट्टीत करावेत. टाचणवहीत, म्हणजे पाठाची आखणी लिहायच्या वहीत, मात्र कोणते निवडले ते लिहून ठेवा.

चार वाक्यांचं लेखन

'द्या उत्तर' म्हणून सोडून दिलं की वर्गातली पाच मुलं लिहितात आणि बाकीची त्यांच्याकडे बघून उतरवतात. त्याऐवजी पायऱ्या करा. आधी तोंडी: प्रश्नावर तीन-चार जण बोलतात, इंग्रजीत, अडखळत. त्यांच्या बोलण्यातले सात-आठ शब्द मी फळ्यावर लिहितो. त्याखाली एखाद्या वाक्याचा सांगाडा, उदाहरणार्थ 'आय थिंक ... बिकॉज ...'. मग चार वाक्यं, दहा मिनिटं, एकट्याने.

चारपैकी एक वाक्य मुलाच्या स्वतःच्या आयुष्यातलं असलंच पाहिजे. संपूर्ण पद्धतीचा कणा हाच. पाठ एखाद्या धाडसी बाईबद्दल असेल तर तिच्या गुणांवर तीन वाक्यं, आणि चौथं 'तुमच्या गल्लीत अशी कोण आहे?' यावर. पाठ चोरावर असेल तर 'तो तुमच्या घरी आला असता तर त्याने आधी कुठे शोधलं असतं?' पिठाच्या डब्यात, म्हणाली होती एक मुलगी, आजी पैसे तिथेच ठेवते. हे गाईडात छापलेलं नसतं. मोबाईललाही विचारून मिळत नाही, म्हणजे मिळतं, पण त्यात 'पिठाचा डबा' नसतो.

मोबाईलवरून उतरवलेलं लेखन ओळखायला फार हुशारी लागत नाही. त्यात एकही चूक नसते. 'छान आहे, वाचून दाखव' एवढंच म्हणा. जे लिहिलंय ते मुलाला वाचता आलं पाहिजे आणि त्यातल्या कुठल्याही एका शब्दाचा अर्थ सांगता आला पाहिजे, हा नियम जूनमध्येच जाहीर करा. ओरडण्याची गरज उरत नाही. दोनदा अडखळल्यावर मूल आपल्या आवाक्यातलं लिहायला लागतं.

आपल्या चुका कुठून येतात

इथे जरा थांबतो, कारण रोजचं काम इथेच वसूल होतं. आपल्या मुलांच्या बहुतेक चुका मराठीतून येतात. एकदा चूक कुठून येते ते कळलं की ती दुरुस्त करायला वर्ष लागत नाही.

सगळ्यात मोठा दगड म्हणजे 'मला'. 'मला दोन भाऊ आहेत' याचं 'मी हॅव टू ब्रदर' होतं. यात मुलाचा दोष कमी आहे. मराठी वाक्यात 'मला' आहे, आणि 'मला' म्हणजे 'मी' हे त्याला आपणच पाठ करायला लावलं होतं, इंग्रजी 'मी' या अर्थाने. म्हणून फळ्यावर दहा वाक्यं लिहा, सगळी 'मला'ने सुरू होणारी, आणि एक अख्खा तास त्यालाच द्या. मला भूक लागली: 'आय ॲम हंग्री.' मला दोन भाऊ आहेत: 'आय हॅव टू ब्रदर्स.' मला पोहता येतं: 'आय कॅन स्विम.' मला आंबा आवडतो: 'आय लाइक मँगोज.' मला थंडी वाजते: 'आय फील कोल्ड.' मला जायचं आहे: 'आय वाँट टू गो', आणि जावंच लागणार असेल तर 'आय हॅव टू गो'. मला माहीत आहे: 'आय नो.' मला राग आला: 'आय गॉट अँग्री.' उरलेली दोन मुलांनी शोधायची. मराठीत एकच दार, इंग्रजीत आत गेल्यावर आठ खोल्या. पण सगळ्या खोल्यांच्या दारावर पाटी एकच, 'आय'. हे मुलांना दिसलं की ती स्वतःच घरून नवनवे 'मला' घेऊन येतात.

दुसरी चूक: 'ही डिड नॉट वेंट.' आपण 'गेला नाही' म्हणतो, भूतकाळ 'गेला'तच असतो, म्हणून मूल 'वेंट' सोडत नाही. मी सांगतो, भूतकाळ एकदाच सांगायचा. 'डिड'ने सांगून टाकला, आता क्रियापद मोकळं. व्याकरणाचं नाव घेण्याची गरज नाही.

तिसरी: 'रेन इज फॉलिंग.' पाऊस पडतो, ऊन पडतं, अंधार होतो. आपल्याकडे काम करणारा कुणीतरी असतो. इंग्रजीत 'इट इज रेनिंग', 'इट इज गेटिंग डार्क'. हे 'इट' कोण, असं मुलं विचारतात. कुणीच नाही, वाक्याची खुर्ची रिकामी राहू नये म्हणून बसवलेला पाहुणा.

'ए', 'ॲन' आणि 'द' मात्र शेवटपर्यंत छळतात, कारण मराठीत असं काही नाही. थोडी मदत गोष्टीतून होते. 'एका गावात एक राजा होता. राजाला तीन मुली होत्या.' पहिल्यांदा 'एक राजा', नंतर तोच राजा. 'एक' लागेल तिथे 'ए', आणि ओळख झाली की 'द'. याने निम्म्या जागा सुटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी मुलांना रागावू नका. सोपा उपाय माझ्याकडेही नाही.

'शी गो टू स्कूल' लिहिणाऱ्याला एकच विचारा: मराठीत जातो, जाते, जातेस, जातात, जातोस असं करताना तू चुकतोस का? इतकी रूपं सांभाळणारं पोर इंग्रजीतल्या एका 'एस'ला घाबरतं, याचं त्यालाच हसू येतं. 'आय आस्क्ड टू हिम' हे 'त्याला'मधल्या 'ला'चं भूत. आणि वाक्याच्या सुरुवातीचं मोठं अक्षर विसरणं? देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, मग सवय कुठून येणार. त्यासाठी गुरुवारचं विरामचिन्हांचं वाक्य.

गृहपाठ

तीन कसोट्या लावा. १५ मिनिटांत होतो का? घरात इंग्रजी येणारं कुणी नसलं तरी होतो का? गाईडात त्याचं उत्तर नसतं ना? तिन्हींना 'हो' असेल तरच द्या. धारा काढून, पाणी भरून, धाकट्याला झोपवून वही उघडणारी मुलं तुमच्या वर्गात आहेत. त्यांना दोन पानं प्रश्नोत्तरं दिलीत तर सकाळी परिपाठाआधी शेजाऱ्याच्या वहीवरून उतरवलेली मिळतील.

चांगला गृहपाठ घरातच पडलेला असतो. खताच्या गोणीवर काय लिहिलंय त्यातल्या पाच गोष्टी उतरवून आणा. औषधाच्या पट्टीवरची एक्स्पायरी डेट शोधा. आजीला विचारून भाकरीची कृती मराठीत लिहून आणा, ती आपण वर्गात इंग्रजीत करू. आठ पायऱ्या, आठ क्रियापदं. यात आजीची मदत लागते आणि आजीला इंग्रजी येत नाही, हीच गंमत. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकातल्या चार गाड्या तक्त्यात लिहून आणा. दुसऱ्या दिवशी त्या तक्त्यावरून एक परिच्छेद लिहायचा, आणि पुढच्या आठवड्यात परिच्छेदावरून तक्ता. दहावीला माहितीचं रूपांतर करायचा जो पाच गुणांचा प्रश्न असतो, त्याची याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

आठवड्याला तीन दिवस गृहपाठ पुरे. सहामाहीच्या आधीच्या आठवड्यात अजिबात नको. आणि तास संपल्याची घंटा होत असताना घाईत सांगितलेला गृहपाठ दिलाच नाही असं समजा.

तपासणी

हजेरीपटावरचा शेवटचा अंक धरा. सोमवारी १ आणि २ ने संपणारे क्रमांक, मंगळवारी ३ आणि ४, असं शुक्रवारपर्यंत. ५८च्या वर्गात रोज बाराच्या आसपास वह्या होतात. चार वर्गांच्या मिळून अठ्ठेचाळीस, दोन मिनिटांप्रमाणे दीड तास. दोन ऑफ तास आणि थोडी मधली सुट्टी यात बसतं, बदलीचा तास अंगावर पडला नाही तर. आठवड्यात प्रत्येक वही एकदा खरोखर वाचली जाते. मुलांना आपला वार कळतो आणि त्याच दिवशी नीट काम येतं, हा तोटा आहे. त्यावर उपाय डब्यातल्या चिठ्ठ्या. रोज एक क्रमांक उचलायचा, त्याचा वार नसला तरी वही द्यायची.

वही हातात आल्यावर सगळ्या चुका दाखवू नका. लालेलाल पान बघून मूल फक्त मिटवतं. त्या आठवड्यात वर्गाने ज्या दोन चुकांवर काम केलं, त्याच दाखवा. तेही दुरुस्त करून नाही, समासात खूण करून: 'का' म्हणजे काळ चुकला, 'क्र' म्हणजे शब्दांचा क्रम, 'स्पे' म्हणजे स्पेलिंग. कुठे चुकलं ते मुलाने शोधायचं आणि डाव्या कोऱ्या पानावर ते वाक्य बरोबर लिहून त्याच धर्तीचं एक नवं वाक्य लिहायचं. दहा वेळा लिहायला लावू नका. दहा वेळा लिहिताना सातव्यांदा पुन्हा चूक होते, हे मी मोजलंय. पुढच्या आठवड्यात वही आली की आधी डावं पान बघायचं. ते कोरं असेल तर उजवं वाचायचं नाही.

शेऱ्यासाठी 'गुड' किंवा 'छान' एवढंच लिहिलं की मूल खूश होतं, शिकत काही नाही. त्यापेक्षा मुलाने लिहिलेल्या एखाद्या वाक्याला रेघ मारून विचारा, 'मग आजी काय म्हणाली?' पुष्कळदा पुढच्या आठवड्यात उत्तर लिहिलेलं सापडतं, न सांगता.

शेवटच्या पाच मिनिटांत मुलं शेजाऱ्याची वही वाचतात, तेव्हा चुका शोधायला लावू नका, भांडणं होतात. 'शेजाऱ्याचं एक वाक्य आवडलं ते मोठ्याने वाच', एवढंच. वाचणाऱ्याचं वाचन होतं आणि ज्याचं वाक्य वाचलं जातं तो पुढच्या वेळी जपून लिहितो.

एक अडचण कागदी आहे. तपासणीला आलेल्यांना काही ठिकाणी प्रत्येक पानावर सही हवी असते. त्यासाठी मी मुख्याध्यापकांना आधीच दोन वह्या दाखवल्या होत्या, डाव्या पानांसकट. वाद झाला नाही. सगळीकडे होणार नाही असं म्हणता येत नाही.

गैरहजर मुलं

बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीच्या सुमाराला काही बाकं रिकामी होतात आणि मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततात. इतर गावांत लग्नसराई, आजारपण, शेतीची घाई असते. परतलेल्या मुलाला 'मागचं सगळं पूर्ण कर' सांगितलं तर ते चार दिवस शेजाऱ्याची वही उतरवतं आणि पाचव्या दिवशी येत नाही. मागचं लिहायला लावू नका. आज ज्या पानावर वर्ग आहे तिथून वही सुरू करा, तारीख घाला. बुडालेल्यातून फक्त तीन गोष्टी द्या: 'मला'चं पान, त्या काळातली शब्दांची यादी, आणि एक लेखन. ते लेखन जिथे होतं त्या जागेबद्दल. कारखान्याच्या तळावरचा दिवस चार वाक्यांत लिहिणाऱ्या पोराकडे वर्गातल्या इतरांकडे नसलेली माहिती असते, आणि ती सांगायला तो शब्द विचारत येतो.

दहावीसाठी थोडंसं

दहावीला आता प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते. तृतीय भाषा इंग्रजीची लेखी ८० गुणांची, अंतर्गत २० गुण. त्या आराखड्यात भाषाभ्यास १०, पाठांतले उतारे २०, कविता १०, न पाहिलेला उतारा आणि सारांश १५, लेखनकौशल्य २०, आणि मराठीत भाषांतर ५. जरा बघा: पाठ आणि कविता मिळून ३०. उरलेले ५० गुण पाठांतराने मिळत नाहीत. तरी जानेवारी उजाडला की वर्गावर्गात पाठांची उत्तरं घोकली जातात.

दहावीतही रोजचा साचा तोच ठेवा, फक्त चार वाक्यांची जागा आठवड्यातून दोनदा पूर्ण लेखनाला द्या: पत्र, संवाद, बातमी, भाषण. कवितेच्या रसग्रहणासाठी वहीत एक कायमचं पान करा: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, आणि मला ती का आवडली किंवा आवडली नाही. 'नाही' लिहिलेलं चालतं का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. कारण दिलं तर चालतं. भाषांतराची तयारी शनिवारच्या म्हणींनी अर्धी झालेली असते. तोंडी परीक्षेचे गुण आणीबाणीच्या दोन दिवसांत उरकू नका. वर्षभर मुलं शेजाऱ्याची वाक्यं मोठ्याने वाचतात, तेव्हाच हजेरीपटाच्या कडेला एक खूण करत राहा.

एप्रिलमध्ये

निकालाच्या गडबडीत वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. प्रत्येक वर्गातून तीन मागून घ्या, एक हुशार मुलाची, दोन मधल्यांच्या, नावाचं पान फाडून. सुट्टीत त्यांतली पुन्हापुन्हा आलेली चुकीची वाक्यं एका कागदावर उतरवून काढा, चाळीसेक निघतात. पुढच्या वर्षीच्या सगळ्या सोमवारांची सोय होते. माझ्या यंदाच्या कागदावरचं पहिलं वाक्य आहे: 'मी हॅज व्हेरी होमवर्क.'